मेलेल्या गुरांचा माग

झेडेकियाने "चल, कुठेतरी फिरून येऊ" म्हटलं, तेव्हाच वेतुनाच्या मनात पाल चुकचुकली.

फिरायला जातात ते जर्मन. टोप्या घालून, नाकाला पांढरं मलम फासून, समुद्रातल्या सीलचे फोटो काढायला. हेरेरो माणूस घराबाहेर पडतो तो लग्नाला, मयताला, नाहीतर गुरांकडे. आणि झेडेकियाची गुरं मोठ्या दुष्काळात मेली होती, हे वरच्या ओपुवोपासून इथल्या वॉल्विस बे बंदरापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हापासून हा गृहस्थ मासळीच्या कारखान्यात डबे भरत होता, आणि आता निवृत्त होऊन दारात खुर्ची टाकून खोकत बसला होता. त्याला म्हणे समुद्र बघायचा होता. अहो, समुद्र घराच्या मागे होता. आख्खी नोकरी त्याने त्याच्याकडे पाठ करून काढली होती.

"फिरायला म्हणजे कुठे?" वेतुनाने विचारलं.

"वर. किनाऱ्याकिनाऱ्याने जाऊ. मग आत वळू, वाळवंटात. सेसफाँटेन, जमलं तर पुरोस."

"तिकडे काय आहे?"

"हत्ती आहेत."

"हत्ती," वेतुना म्हणाली. "तुला हत्ती बघायचेत."

"का? मी बघू नयेत की काय हत्ती?"

वेतुनाने पिठाचे गोळे तळले, सुकी मासळी बांधून घेतली आणि गाडीची किल्ली हातात घेतली. गाडी तीच चालवणार होती. झेडेकियाच्या छातीची तपासणी झाल्यापासून डॉक्टरांनी त्याला स्टिअरिंगवर बसायला मनाई केली होती. म्हणजे नाइलाज म्हणून आपल्याला बरोबर घेतलंय, हेही तिच्या लक्षात आलं. हा चालवू शकला असता तर एकटाच गेला असता.

आता वेतुनाला कुणी संशयी म्हणायच्या आधी तिची मागची कहाणी ऐकावी. झेडेकिया तिचा दुसरा नवरा. पहिला गेला तेव्हा त्याच्या थडग्यावरची माती वाळायच्या आत त्याचा भाचा ट्रक घेऊन दारात उभा राहिला. आमच्याकडे रीतच तशी आहे. बापाच्या पवित्र आगीची, म्हणजे पूर्वजांसाठी दारात पेटती ठेवतात त्या आगीची, चार गुरं असतात ती मुलाकडे जातात, आणि बाकीची सगळी, म्हणजे खरी दुभती, ती आईच्या कुळाची, ती बहिणीच्या मुलाकडे. बायको दोन्हीकडून परकी. वेतुनाला तर मूलही नव्हतं. त्या भाच्याने गुरं नेली. मग पलंग नेला, भांडी नेली, आणि जाता जाता तिचं शिवणयंत्रही ट्रकमध्ये टाकलं. ते तिने लोकांचे झगे शिवून, स्वतःच्या कमाईने घेतलेलं होतं. "मामाच्या घरात होतं ना? मग मामाचं," असं म्हणून तो मोकळा झाला. सुतकाचे काळे कपडे अंगावर होते म्हणून तेवढे राहिले. वेतुना त्या दिवशी रडली नाही, पण तिने कायमचं मनाशी धरलं की नवरा कितीही चांगला असो, त्याच्यामागे एक भाचा उभा असतो.

झेडेकियाच्या मागे उकारापो होता. त्याच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. ओपुवोला त्याचं दारूचं दुकान होतं, पांढरी चकचकीत गाडी होती, आणि जिभेवर साखर होती. "मामी, तुमच्या हातचं दही म्हणजे दहीच हं," असं तो म्हणे, आणि वेतुनाला चूळ भरावीशी वाटे.

तर निघाले दोघं. वेतुनाने प्रवासाला शोभेल असा लांब घोळदार झगा घातला होता आणि डोक्याला गाईच्या शिंगांसारखं दोन टोकांचं फडकं बांधलं होतं. त्या शिंगांची टोकं गाडीच्या छताला घासत होती. झेडेकिया म्हणाला, "ते काढून ठेव की, वाटेत कोण बघतंय." ती म्हणाली, "हत्ती बघतील."

मागे सामान भरताना तिने तंबाखूच्या पुड्या पाहिल्या होत्या. साखरेची पोती पाहिली होती. चहा, दोन नवी घोंगडी. आणि अवजारांची लोखंडी पेटी, जिला आजवर कधी कुलूप नव्हतं, तिला आज कुलूप होतं आणि किल्ली झेडेकियाच्या गळ्यात दोऱ्याला लटकत होती.

"एवढी तंबाखू कुणाला?" तिने विचारलं.

"लागते वाटेत."

"हत्ती ओढतात वाटतं."

झेडेकिया हसला आणि हसताना त्याला खोकल्याची उबळ आली. उबळ थांबेपर्यंत तिने गाडी हळू चालवली. रुमाल त्याने पटकन मुठीत दडपला, पण लाल डाग तिला दिसायचा तो दिसलाच. माया होती तिची त्याच्यावर, खोटं कशाला सांगा. पण मायेला लागूनच दुसरा विचार उभा राहिला: हा चालला, आणि मी परत रस्त्यावर.

मीठ घालून कडक केलेल्या किनारी रस्त्यावर धुकं होतं. डावीकडे समुद्र नुसता ऐकू येत होता. हेंटीस बेला पेट्रोल भरायला थांबले, तेव्हा झेडेकिया "पाय मोकळे करतो" म्हणून खाली उतरला आणि पंपाच्या मागे जाऊन फोनवर बोलायला लागला. वेतुना काच खाली करून बसली होती. वारा तिच्याच बाजूने येत होता.

"नाही, नाही," तो म्हणत होता. "तिला काही माहीत नाही. कळताही कामा नये. तुम्ही फक्त गुरं आत धरून ठेवा."

तो परत येऊन बसला. तिने गाडी सुरू केली.

"कुणाचा फोन?"

"जुना दोस्त. कारखान्यातला."

"बरा आहे?"

"कोण?"

"दोस्त."

"हां. बरा आहे. मजेत आहे."

वेतुना पुढे काही बोलली नाही. तिचं न बोलणं बोलण्यापेक्षा महाग पडतं, हे झेडेकियाला एवढ्या वर्षांच्या संसारात कळायला हवं होतं. पण तो खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसला. केप क्रॉसजवळ सीलच्या कळपाचा वास गाडीत शिरला, तरी त्याने डोळा उघडला नाही. ज्याला फिरायचं होतं तो असा झोपला होता, आणि जिला फिरायचं नव्हतं ती तेवढा किनारा एकटी बघत होती. वाळूत रुतलेल्या एका जहाजाच्या फासळ्या, त्यांवर बसलेले काळे पक्षी, एक कोल्हा. किनारपट्टीच्या फाटकावरच्या पोराने वहीत लिहायला विचारलं, "कशासाठी चाललात, आजी?" ती म्हणाली, "ते माझ्या नवऱ्याला विचार, आणि कळलं तर मलाही सांग."

मग रस्ता आत वळला. धुकं मागे राहिलं आणि ऊन एकदम अंगावर आलं. काळे दगड, तांबडे डोंगर, जमिनीला चिकटून पसरलेल्या त्या फाटक्या पानांच्या म्हाताऱ्या वनस्पती. गाडीत धूळ शिरली. रात्री ते पाल्मवागच्या फाटकाजवळ गाडीतच झोपले, आणि झेडेकियाने ती पेटी पायांशी ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी वार्मक्वेलेच्या अलीकडे तो म्हणाला, "इथे जरा डावीकडे घे. ओळखीचे लोक आहेत. चहा पिऊन जाऊ."

डावीकडे नदीचं कोरडं पात्र होतं, आणि पात्राच्या काठाला काट्यांच्या कुंपणाचं गुरांचं वाडगं. एक म्हातारा बाहेर आला. झेडेकियाने त्याला तंबाखू आणि साखर दिली. वेतुनाला बायकांमध्ये बसवून ताकाचा लाकडी कटोरा हातात दिला गेला. दोघं पुरुष खांद्याला खांदा लावून वाडग्याकडे गेले. जाताना झेडेकियाने पेटी उचलली होती. ज्या माणसाला चार पावलं चालल्यावर धाप लागत होती, त्याने ती लोखंडी पेटी उचलली होती.

बराच वेळ झाला तरी दोघं परतेनात, तेव्हा वेतुनाने ताक एका घोटात संपवलं. "जरा गुरं बघते," ती म्हणाली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांतली एक म्हणाली, "बसा हो, उन्हाचं कुठे जाता." तिला थांबवतायत हे न कळायला ती काय दूधपिती होती? ती उठली, झगा दोन्ही हातांनी उचलला आणि कुंपणापाशी जाऊन उभी राहिली.

आणि तिला ती दिसली.

तांबडी गाय, पोटाखाली पांढरा पट्टा, तो पट्टा उजव्या बाजूने वर चढत थेट पाठीपर्यंत गेलेला, आणि डावं शिंग खाली वळलेलं. वेतुनाने लग्न होऊन आल्यावर ओपुवोच्या तळावर पहिल्यांदा दूध काढलं ते हिचं. ही दुष्काळात मेली होती. झेडेकियाने स्वतः आगीपुढे बसून, थोरामोठ्यांसमोर सांगितलं होतं की चाऱ्यासाठी पश्चिमेकडे नेताना सगळी वाटेत मेली. भर बैठकीत तो रडला होता. बायकांनी हंबरडा फोडला होता. उकारापोने मामाच्या गळ्यात पडून अश्रू गाळले होते, आणि ते मात्र तेव्हा खरे वाटले होते, कारण बुडालं ते त्याचंच होतं. आणि ही बाई इथे उभी राहून रवंथ करत होती. तिच्या शेजारी तिच्याच अंगावरचा पट्टा घेऊन एक कालवड उभी होती.

झेडेकिया घाईघाईने आला. कपाळावर घाम.

"तू इकडे कशाला आलीस?"

"ही गाय ओळखीची वाटते," वेतुना म्हणाली.

"छे. गायी काय, सगळ्या सारख्याच दिसतात."

ऐकलंत? एका हेरेरो माणसाने, ज्याच्या भाषेत गाईच्या अंगावरच्या प्रत्येक ठिपक्याला वेगळं नाव आहे, जो शाळेत असताना पाढ्यांऐवजी वासरांच्या आज्या-पणज्या पाठ करत होता, त्याने तोंड वर करून सांगितलं की गायी सगळ्या सारख्याच दिसतात. त्याने दुसरी बाई केली असती तरी वेतुनाला इतका धक्का बसला नसता. हे असलं खोटं माणूस उगाच बोलत नाही. फार मोठं काहीतरी लपवायचं असल्याशिवाय बोलत नाही.

"हो का," ती म्हणाली. "म्हातारी झाले मी. नजर गेली असेल."

वाऱ्यावर जळक्या केसांचा वास होता. कालवडीच्या मांडीवर काहीतरी ताजं होतं, पण त्यावर काळं वंगण आणि राख थापलेली होती. ती अजून एक पाऊल पुढे टाकणार एवढ्यात म्हाताऱ्याने फळी ओढली आणि गुरं धूळ उडवत पात्रात उतरली.

सेसफाँटेनजवळच्या दुसऱ्या तळावरही तेच. तंबाखू, साखर, बायकांमध्ये बसणं, जळके केस. या वेळी तिने उठायचा प्रयत्नही केला नाही. ती बसून हिशेब जुळवत होती. गुरं मेली नाहीत. ठिकठिकाणी लोकांकडे ठेवलीत, दूध तुम्ही प्या, गाय माझी, अशा बोलीवर. हे तर पूर्वीपासून चालत आलेलंच आहे. पण बायकोला इतकी वर्षं मेली म्हणून सांगितलं. ती त्याचे मासळीने घाण झालेले कपडे धूत होती, दर हिवाळ्याला त्याच्या छातीला चरबी चोळत होती, आणि हा तिच्या शेजारी झोपून मनात गायी मोजत होता. आता रक्त पडायला लागलं तेव्हा हा निघाला व्यवस्था लावायला. डाग देतोय. कुणाच्या नावाचा? ओपुवोचा रस्ता इथून सरळ वर जातो. आणखी कुणाच्या असणार?

म्हणजे परत ट्रक येणार. परत तेच. या वेळी तर नवराच आधी येऊन सगळं बांधून, खुणा करून ठेवून गेला होता, विधवेच्या हाती शेपूटसुद्धा लागू नये म्हणून.

सेसफाँटेनला पेट्रोल पंपासमोर फोनला रेंज होती. झेडेकिया दुकानात गेला होता. वेतुनाने फोन काढला. तिला एकच हवं होतं, की आपल्याला मूर्ख समजणाऱ्या या मामा-भाच्यांना आपण मूर्ख नाही हे कळावं. एकदा तरी ट्रक यायच्या आधी तोंड उघडायचं होतं तिला.

"मामी," उकारापो पलीकडून म्हणाला. "काय भाग्य माझं. मामा बरे आहेत ना?"

"मामाला काय धाड भरलीय. तुझी कामं करत फिरतोय उन्हातान्हात. लाज वाटायला हवी होती तुम्हा दोघांना."

"माझी कामं?"

"आता भोळा बनू नकोस. मी डोळ्यांनी बघून आले. ती पट्ट्याची तांबडी, तिची कालवड, सगळी. मेली म्हणून रडलात ना आगीपुढे? नाटकं नुसती. मला काय, खुळी समजलात?"

मग उकारापो फार हळू, फार गोड आवाजात म्हणाला, "तसं नाही हो मामी. रागावू नका. तुम्हाला सांगायला हवंच होतं. मामांनी कुठली कुठली दाखवली तुम्हाला?"

"वार्मक्वेलेची दाखवली. इथली सेसफाँटेनची दाखवली. दाखवली कसली, मीच बघितली."

"आणि उरलेली?"

"उद्या सकाळी पुरोसला. तिथेच जास्त असतील, बाकीची तंबाखू तिकडेच चाललीय. तू ये ना, मोजून घे. माझ्यासमोर घे, म्हणजे मला तरी कळेल माझा नवरा कुणाचा आहे ते."

"येतो की," उकारापो म्हणाला. "तुम्ही म्हणता तर येतोच. आणि मामी, मामांना सांगू नका फोनचं. उगाच त्यांना त्रास होईल."

फोन ठेवला तेव्हा तिला पहिल्यांदाच मोकळं वाटलं. रात्रीची झोपही चांगली लागली.

पुरोसला जाताना नदीच्या पात्रात हत्ती दिसले. खरोखरचे हत्ती, काठाच्या झाडांखाली धूळ अंगावर घेत उभे. झेडेकिया म्हणाला, "बघ, म्हटलं होतं ना." तिने बघितलं नाही.

पुरोसचं वाडगं मोठं होतं. ते काप्यापा नावाच्या म्हाताऱ्याच्या ताब्यात होतं, आणि काप्यापा म्हणजे त्या भागात ज्याचा शब्द कुणी खाली पडू देत नाही असा माणूस. वाडग्यात गुरं दाटीवाटीने उभी होती. पट्ट्याची, ठिपक्यांची, काळ्या मानेची, मुंग्यांच्या रांगेसारखे बारीक डाग असलेली. आगीचा धूर निघत होता. वेतुना आपणहून बायकांकडे वळली, तर झेडेकियाने तिचा हात धरला.

"आज तिकडे नको. इकडे ये."

त्याने गळ्यातली किल्ली काढली, पेटी उघडली आणि आतून डागायची लोखंडी सळई काढली. नवी होती. तिच्या टोकाची खूण त्याने तिच्यापुढे धरली.

"वाच."

वाचण्यासारखं फार नव्हतं. तिच्या नावाचं अक्षर होतं, तिच्या बापाच्या घराण्याचं होतं, आणि खाली एक आडवी रेघ.

"सरकारी दप्तरात नोंदवून घेतलीय," झेडेकिया म्हणाला. तो धापा टाकत होता, पण तोंडभर हसत होता. "तुझ्या नावावर. खालच्या दोन्ही तळांवरची झाली. इथली राहिली. यातली पहिली तू स्वतः डाग. मालकिणीने एक तरी डागावी."

वेतुना त्या अक्षरांवर बोट फिरवत राहिली.

"बोल की. एरवी तर थांबत नाहीस."

"मला का नाही सांगितलंस?" हे ती इतकं हळू म्हणाली की त्याला वाकून ऐकावं लागलं.

"कसं सांगणार? डाग पडेपर्यंत ती माझीच की. मधेच मी गेलो असतो, तर मयतानंतर तुला आगीपुढे बसवून विचारलं असतं, काय काय होतं त्याचं म्हणून. तिथे खोटं मी एकदा बोललो, तुला बोलता येईल का? आणि तुला तर एरवीही येत नाही, लगेच चेहऱ्यावर दिसतं. आता विचारलं तर सांग, त्याचं काही नव्हतं. खरंच नसेल. सगळं तुझं असेल." तो खोकला, थुंकला, वर पायाने माती ओढली. "आईच्या कुळाची गुरं वारसाला विचारल्याशिवाय देता येत नाहीत. मेलेल्या गुरांचं मात्र कुणी विचारत नाही. म्हणून मारली मी ती. शिवणयंत्राची गोष्ट तू सांगितलीस ना मला, लग्नाच्या आधी, त्याच दिवशी ठरवलं होतं. दुष्काळ नंतर आला, तो कामाला आला इतकंच."

"झेडेकिया."

"इथे सांगितलं, कारण इथे फोन लागत नाही. तुझ्या तोंडात काही राहत नाही बाई. म्हटलं, आधी सगळं उरकू, मग तू गावभर सांगत बस."

"झेडेकिया, मी उकारापोला फोन केला."

तो अजून हसतच होता. चेहऱ्यावरचं हसू विझायला वेळ लागला.

"कधी?"

"काल. पंपावर. मला वाटलं, तू त्याच्यासाठी..."

"त्याच्यासाठी? त्याला द्यायची असती तर डागायची कशाला होती? ती त्याचीच होती. नुसता मेलो असतो तरी पुरलं असतं." मग त्याने विचारलं, "काय काय सांगितलंस?"

"सगळं."

झेडेकिया वाडग्याच्या ओंडक्यावर बसला. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो काप्यापाला म्हणाला, "निखारे फुललेत का बघ." वेतुनाने सळई आगीत खुपसली आणि शेजारी उकिडवी बसली. झग्याची कड निखाऱ्यात जात होती, तिचं लक्ष नव्हतं. तिला फक्त ते लोखंड लाल व्हायला हवं होतं. दोन पोरं एका ठिपक्यांच्या गाईला पाडत होती. आणि तेवढ्यात पात्राच्या पलीकडे धूळ उठली. पांढरी गाडी होती.

उकारापो शांतपणे उतरला. आधी काप्यापाला वाकून नमस्कार केला, मग मामाला, मग मामीला. मग वाडग्याकडे बघून म्हणाला, "मेलेली उठून उभी राहिली म्हणायची. देवाचे उपकार आहेत, मामा."

"हो," झेडेकिया म्हणाला.

"हे लोखंड कुणाचं?"

"माझं," वेतुना म्हणाली. सळई तिच्या हातात होती, टोक लाल झालं होतं. गाय खाली पडलेली होती. ती पुढे सरकली.

"थांब," काप्यापा म्हणाला. म्हाताऱ्याने तिच्याकडे बघितलं त्या नजरेत राग नव्हता, दुःखच होतं. "वारस दारात उभा असताना माझ्या वाडग्यात त्याला डावलून डाग पडणार नाही. त्याला विचारलेलं नाही हे मला माहीत नव्हतं, तोवर मी काही बोललो नाही. आता मला माहीत आहे."

"खालच्या दोन तळांवरच्यांचं काय?" उकारापोने विचारलं. अगदी नम्रपणे.

"त्यांचंही बसून ठरेल. वारसाला न विचारता दिलेला डाग उभा राहत नाही. पण झेडेकियाचा श्वास चालू आहे तोवर गुरं त्याची. तोवर कुणी हात लावायचा नाही. दूध त्याच्या घरात जाईल, त्याच्या बायकोच्या हातून जाईल. नंतरचं नंतर."

पोरांनी गाईचे पाय सोडले. ती उठली, अंग झटकलं आणि कळपात शिरली. वेतुनाने सळई मातीत खुपसली आणि झेडेकियापाशी येऊन बसली.

"मला मार," ती म्हणाली. "काहीतरी बोल."

"काय बोलू? तुझ्या जागी मी असतो तर मीही फोन केला असता," तो म्हणाला. "आता मला मरायला बंदी झाली, एवढंच."

तिने त्याचा हात घट्ट धरला. हात गरम होता, नको तितका गरम.

"मला घाई नाही हो मामा," उकारापो म्हणाला. त्याने गाडीतून गादी काढली, घोंगडी काढली आणि सावली बघून पसरली. "दुकान पोरं बघतील. मी इथेच राहतो, तुमची सेवा करायला. मामी एकट्या किती करणार?" त्याने गाडीतल्या डब्यातून दूध ओतून कप मामापुढे धरला.

वेतुनाने मध्येच हात घालून तो कप घेतला. वास घेतला. मग अर्धा स्वतः प्यायली, थोडी थांबली आणि उरलेला नवऱ्याच्या ओठाला लावला. उकारापो बघत होता, त्याला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

झेडेकिया एक घोट प्यायला आणि त्याला उबळ आली. लांबली. थांबेना. तो कमरेत वाकला, रुमाल शोधायला लागला. वेतुना त्याच्या पाठीवर हात ठेवून कान देऊन ऐकत होती. तिने वर बघितलं, तर समोर उकारापोही मान तिरकी करून तितकंच कान देऊन ऐकत होता.